स्कूटरवर टेस्ट दिली आणि लायसन्स निघालं विनागिअरचं

आमच्या घरात गाडी एकच, भावाची मोटारसायकल. त्याची बदली झाली तेव्हा तो ती माझ्याकडे ठेवून गेला. माझं काम फिरतीचं. बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जायचा, म्हणून म्हटलं आता लायसन्स काढून घ्यावं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत भावाने गाडी शिकवली होती, गिअर टाकता येत होते. कागदपत्रांची तेवढी धास्ती होती आणि म्हणून मी एजंट गाठला. खरं तर परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फी, टेस्टची तारीख सगळं आपलं आपण करता येतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला मोटारसायकल चालवायची आहे. तो म्हणाला, "ताई, गिअरच्या गाडीवर टेस्टचा आठचा आकडा काढताना भलेभले पाय टेकवतात. आमच्या स्कूटरवर द्या टेस्ट. टू-व्हीलरचं लायसन्स एकच असतं, मग काय हवं ते चालवा." इतक्या सहज बोलला की शंका घ्यायला जागाच उरली नाही. पैसे मात्र त्याने "गिअर आणि विनागिअर, दोन्हीचे" म्हणून घेतले. लायसन्स एकच असतं तर पैसे दोन्हीचे कशाला, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. पावती मागितली, तर "शेवटी एकदमच देतो" म्हणाला.

लायसन्स एकच असतं, ही सरळ थाप होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १० मध्ये विनागिअर मोटारसायकल आणि गिअरची मोटारसायकल हे दोन वेगळे वर्ग आहेत. कार्डावर पहिल्यासाठी एमसीडब्ल्यूओजी आणि दुसऱ्यासाठी एमसीडब्ल्यूजी अशी अक्षरं येतात. अर्ज ज्या प्रकारच्या गाडीसाठी असतो, टेस्टही त्याच प्रकारच्या गाडीवर द्यावी लागते. म्हणजे स्कूटरवर कितीही सुंदर आठ काढा, हातात येणार ते विनागिअरचंच. या दोन नावांत फरक फक्त एका 'ओ'चा आहे. माझं सगळं त्या एका अक्षरावर अडलं.

अर्ज त्यानेच भरला आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. "ओटीपी पटापट येतात ना, तुम्हाला सारखा फोन कुठे करू?" आता कळतं, सगळी मेख तिथेच होती. अर्ज कोणत्या वर्गासाठी गेला, फी किती भरली, याचे मेसेज सगळे त्याच्याकडे. लर्निंगचा कागदही "फाईलला लागतो" म्हणून त्याने ठेवून घेतला. त्या कागदावर वर्ग छापलेला असतो. तो माझ्या हातात राहिला असता, तर मी महिनाभर आधी सावध झाले असते. लर्निंग निघाल्यावर पक्क्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि ते लर्निंग ६ महिने चालतं. विचारपूस करायला वेळ भरपूर होता.

सरावाचे पैसे वेगळे घेतले. आठ दिवसांचं ठरलं होतं, प्रत्यक्षात तीन सकाळी मिळाल्या. त्याचा पोरगा मैदानाच्या कडेला मोबाइल बघत उभा राहायचा आणि लांबून ओरडायचा, "अॅक्सिलेटर सोडा, ब्रेक दाबा!" मी तेच करत गेले आणि दुसऱ्या दिवशी वळणावरच उजव्या गुडघ्यावर पडले. पुढे एका सहकारी बाईंनी नीट समजावलं. स्कूटरला क्लचची मूठ नसते. आतला क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर आपोआप धरतो आणि सुटतो. हळू चालताना अॅक्सिलेटर पूर्ण सोडला की क्लच सुटतो, चाकाला ओढ राहत नाही आणि वळणात गाडी बसल्यासारखी खाली जाते. म्हणून आठ काढताना अॅक्सिलेटर थोडासा, पण एकसारखा धरून ठेवायचा आणि वेग डाव्या ब्रेकने अलगद आवरायचा. हँडल वळलेलं असताना उजवा, म्हणजे पुढचा ब्रेक दाबायचाच नाही. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वळून जिथे जायचं आहे तिकडे ठेवा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचा आहे. कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर डावी मूठ दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, म्हणून तिथे बोटं आणखी हलकी हवीत. एजंटची स्कूटर त्याहून जुनी. तिची ब्रेकची मूठ पार हँडलला टेकायची, तेव्हा कुठे ब्रेक लागायचा. अशा गाडीवर नवख्या माणसाला बसवणं हीसुद्धा फसवणूकच आहे, आणि पैशांच्या फसवणुकीपेक्षा मला तिचाच राग जास्त आहे.

टेस्टच्या दिवशी गाडीचं भाडं म्हणून पुन्हा पैसे. टेस्ट पास झाले, कार्ड पोस्टाने घरी आलं. त्यावरचा फोटो आणि नाव बघितलं आणि पाकिटात ठेवून दिलं.

त्यानंतर दोन महिने मी मोटारसायकल चालवली. कधी भाच्याला शाळेत सोडायला मागे बसवून. एका नाकाबंदीत हवालदारांनी कार्ड हातात घेतलं, मग गाडीकडे बघितलं. "ताई, हे विनागिअरचं आहे. ही गाडी चालवायचं लायसन्सच नाही तुमच्याकडे." मी वाद घालायला लागले, तर त्यांनी बोट ठेवून ती अक्षरं वाचून दाखवली. लायसन्सशिवाय गाडी चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये आहे. तो भरला. पण रात्री झोप लागली नाही ती भाच्याच्या विचाराने. त्या दोन महिन्यांत कुणाला धडक बसली असती, तर विमा कंपनीने आधी माझं लायसन्सच तपासलं असतं.

एजंटकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही टेस्ट स्कूटरवर दिली, मग लायसन्स स्कूटरचंच येणार." माझ्याच तोंडावर! पावती नाही, अर्जावर नंबर त्याचा, बोलणं झालं ते सगळं तोंडी. लेखी तक्रार मी दिली आहे, पण जोडायला हातात कागद एकही नाही.

आता वर्ग वाढवून घेण्यासाठी पुन्हा सगळं करते आहे. गिअरच्या वर्गासाठी नवीन लर्निंग, पुन्हा ३० दिवस, पुन्हा टेस्ट. या वेळी अर्ज मी स्वतः भरला, नंबर माझा, फीची पावती माझ्या फोनमध्ये, आणि टेस्ट भावाच्या मोटारसायकलवरच देणार.

तुमचं काम सध्या एखाद्या एजंटकडे असेल, तर आजच त्याच्याकडून अर्जाचा नंबर मागून घ्या. तो नंबर आणि जन्मतारीख टाकून सारथीवर अर्जाची स्थिती आपल्याला बघता येते. भरलेल्या अर्जाची प्रत आणि लर्निंगचा कागदही मागा आणि त्यावर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एजंट द्यायला टाळाटाळ करत असेल, तर टेस्टच्या तारखेपर्यंत थांबू नका.