क्लिअरन्सचा कोपरा: दुकानातला आणि ऑनलाइनचा

क्लिअरन्समध्ये, म्हणजे उरलेला माल संपवण्याच्या विक्रीत, किंमत सगळ्यात शेवटी बघावी. वस्तू त्या कोपऱ्यात का येऊन पडली, हे आधी शोधावं. हंगाम संपला, नवं मॉडेल आलं, वेष्टन बदललं, साइझची साखळी तुटली (मधले साइझ संपले), पीस डिस्प्लेवर होता, कुणी तरी परत केला, किंवा माल जुना होत चालला आहे: कारण साधारण या सातांपैकीच एक असतं. पहिली चार गिऱ्हाइकाच्या फायद्याची, पुढची दोन तपासून घेण्याची आणि शेवटचं बहुतेक वेळा टाळण्याचं. दुकानात हे कारण डोळ्यांनी आणि बोटांनी कळतं. ऑनलाइन ते वर्णनातून उकरून काढावं लागतं.

दुकानातल्या क्लिअरन्समध्ये सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे कपडे. मधले साइझ आधी संपतात, टोकाचे उरतात, आणि दोनचार पीससाठी रॅक अडवून ठेवणं दुकानाला परवडत नाही. मालात खोट नसतानाही भाव पडतो तो असा. सूट साधारणपणे टप्प्याटप्प्याने वाढते: आधी 25-30 टक्के, मग 50, मग 70 किंवा त्याहून जास्त. ज्यांचा साइझ अगदी लहान किंवा अगदी मोठा आहे त्यांना थांबायला हरकत नाही. मधल्या साइझवाल्यांनी पहिल्या टप्प्यावरच घेऊन टाकावं, पुढच्या टप्प्यापर्यंत तो साइझ सहसा उरत नाही. नवी लेबलं कोणत्या दिवशी लागतात, हे कर्मचाऱ्यांना सरळ विचारावं; बऱ्याच दुकानांत तो दिवस ठरलेला असतो आणि ते सांगतातही. लेबलावर लेबल चिकटवलेलं असेल तर खालचे आकडे वाचून भाव किती वेळा उतरला ते कळतं. तीनचार थर दिसले, तर माल बराच काळ कुणी उचललेला नाही. मग कापड दुप्पट लक्ष देऊन बघायचं.

कपडा किती जुना ते आतल्या लेबलवरही सापडतं. अनेक ब्रँड तिथे हंगाम आणि साल छापतात: 'एसएस' म्हणजे वसंत-उन्हाळा, 'एफडब्ल्यू' किंवा 'एडब्ल्यू' म्हणजे शरद-हिवाळा, पुढे सालाचे दोन आकडे. एक हंगाम जुना सुती शर्ट नव्यासारखाच. पण तीन वर्षं पडून राहिलेल्या पोहण्याच्या कपड्याचं किंवा लेगिंग्जचं इलॅस्टिक मेलेलं असू शकतं. ताणून सोडून बघा: लगेच मूळ आकाराला आलं नाही किंवा आतून चरचर आवाज आला, तर ठेवून द्या.

तपासणीचा क्रम ठरवून घेतला की एका कपड्याला मिनिटभर पुरतं. आधी काखेची आणि पायांमधली शिवण, कारण ट्रायल रूममध्ये ओढाताण होते ती तिथेच. मग चेन तीनदा वर-खाली. मग बटणं, हुक आणि गळ्याची आतली कड, जिथे मेकअपचे डाग पडतात. शेवटी कपडा दारापाशी किंवा खिडकीपाशी नेऊन खांद्यावरची घडी बघायची. हँगरवर दिव्याखाली लटकलेल्या गडद कपड्याचा रंग खांद्यावर विटतो आणि दुकानाच्या पिवळट उजेडात ते लपतं. सुटलेली शिवण आणि हरवलेलं बटण याला पैसे पडत नाहीत. तुटलेली चेन बदलायला पडतात. विटलेल्या रंगाला इलाज नाही.

बूट मात्र फसवे. पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) सोल हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो, पायात न घालताही. वर्षानुवर्षं खोक्यात राहिलेला कोराकरकरीत दिसणारा जोड पहिल्या काही दिवसांतच तळातून भुगा होऊ शकतो. अंगठ्याने सोल जोरात दाबा. चिकट लागला, बारीक भेगा उमटल्या किंवा कण सुटले, तर भाव कितीही पडलेला असो, नको. रबरी तळाला ही भीती बरीच कमी. नकली लेदरच्या बॅगा आणि जाकिटांवरही बहुतेक पॉलियुरेथेनचाच थर असतो. घडी पडते तिथे सालपट सुटू लागलंय का, ते पाहावं.

डिस्प्लेवरची उपकरणं घेण्यासारखी असतात, पण सगळी नाहीत. टीव्ही दुकानात रोज दहा तास चालतो असं धरलं तर वर्षाला 3,650 तास होतात, आणि तेही बहुधा सगळ्यात जास्त उजेडावर. ओएलईडी पडद्यावर एकच लोगो सतत दाखवला गेला असेल, तर त्याची सावली कायमची राहू शकते. पूर्ण करड्या रंगाचं चित्र लावून दाखवायला सांगा. डाग असेल तर त्यात दिसतो. फ्रिजच्या दारावरचा ओरखडा क्षुल्लक आहे, बाजूच्या पत्र्यातला खोल पोचा नाही, कारण अनेक फ्रिजमध्ये त्या पत्र्यामागूनच गॅसच्या नळ्या जातात. दाराच्या रबराची परीक्षा कागदाने होते: पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा, सहज निघाली तर रबर सैल आहे. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसोबत वाहतुकीसाठीचे बोल्ट येतात, ते ड्रम जागच्या जागी धरून ठेवतात. डिस्प्लेच्या पीसचे हे बोल्ट अनेकदा हरवलेले असतात आणि त्यांच्याशिवाय टेम्पोतून नेलं तर ड्रमचे शॉकअप बिघडू शकतात. मशीन घेण्याआधी बोल्ट, नळी आणि पावडरचा ड्रॉवर हातात घेऊन मोजा. (मॅन्युअल नसलं तरी चालतं, ते नेटवर मिळतं.)

ऑनलाइनकडे वळताना पहिली सवय सोडायची ती 'जास्तीत जास्त सूट' या क्रमाने माल लावण्याची. सूट मोजली जाते ती विक्रेत्याने लिहिलेल्या मूळ किमतीवरून, आणि मूळ किंमत जितकी फुगवलेली तितकी ती वस्तू यादीत वर चढते. आधी साइझचा फिल्टर लावा, मग कमी किमतीपासून क्रम लावा. जे आवडेल त्याचा पूर्ण मॉडेल नंबर उचलून दुसरीकडे शोधा. शेवटची अक्षरंही सोडू नका. कधी तो फक्त रंगाचा कोड असतो, कधी ते त्या दुकानासाठी हलक्या भागांनी बनवलेलं वेगळंच मॉडेल असतं. आउटलेटच्या, म्हणजे ब्रँडच्या सवलतीच्या दुकानातल्या, कपड्यांतही हेच होतं. त्यातला बराच माल मुख्य दुकानात कधी गेलेलाच नसतो, तो आउटलेटसाठीच बनतो, आणि त्यावर छापलेली 'आधीची किंमत' कुणी कधी दिलेली नसते.

अॅमेझॉनवरच्या मालासाठी कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल या किमतींवर नजर ठेवणाऱ्या साइटचे आलेख उपयोगी पडतात. किंमत वर्षभरात कुठे कुठे गेली ते एका नजरेत दिसतं. सेलच्या आठवडाभर आधी रेघ वर उडी मारते आणि सेलमध्ये जुन्या जागी येते, हा आकार ओळखायला शिकलं की निम्मं काम झालं. युरोपीय संघात 2022 पासून असा नियम आहे की सूट जाहीर करताना आधीच्या किमान 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. जिथे असा नियम नाही, तिथेही हेच माप स्वतःपुरतं लावता येतं.

आकडेमोडीत लोक हमखास गंडतात. '50 टक्के आणि वर 20 टक्के' म्हणजे 70 नव्हे: हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे, म्हणजे सूट 60 टक्के. 'दोनावर एक मोफत' म्हणजे 33 टक्के, तेही तिन्ही वस्तू लागणार असतील तर. 'दुसऱ्यावर निम्मी सूट' म्हणजे फक्त 25 टक्के. आणि मोफत डिलिव्हरीसाठी टोपलीत टाकलेली नको असलेली वस्तू ही डिलिव्हरीचीच किंमत आहे, बऱ्याचदा चढ्या दराची.

ऑर्डर देण्याआधी त्याच वस्तूच्या पानावरची परतीची ओळ वाचावी. दुकानाचं सर्वसाधारण धोरण क्लिअरन्सला अनेकदा लागू नसतं. 'फायनल सेल' लिहिलं असेल तर साइझ चुकला तरी वस्तू तुमचीच. परत घेत असले तरी परतीचा खर्च रकमेतून कापतात का, ते बघा. टोपलीत टाकल्याने माल राखून राहत नाही, आणि शेवटचा पीस असेल तर पैसे भरल्यावरही ऑर्डर रद्द होऊ शकते. अमुक तारखेला हवीच अशी वस्तू इथून मागवू नये. 'ओपन बॉक्स', म्हणजे खोकं आधीच उघडलेली वस्तू मागवली, तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढावा. सामान कमी निघालं की वाद तिथेच मिटतो.

जुन्या मॉडेलचा फोन घेताना सुरक्षा अपडेटची मुदत तुम्ही घेतल्यापासून मोजू नका, बहुतेक कंपन्या ती मॉडेल बाजारात आल्यापासून धरतात. बॅटरीवरच्या कुठल्याही वस्तूची बनावटीची तारीख बघावी. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत फार दिवस पडून राहिली, तर पुन्हा चार्ज होईलच असं नाही. प्रिंटर आणि पाण्याचे फिल्टर घेण्याआधी त्यांची कार्ट्रिज अजून बनते का ते शोधा. मॉडेलबरोबर तीही बंद झाली असेल तर ते यंत्र काही महिन्यांचं सोबती. सनस्क्रीन आणि व्हिटॅमिन सीचं सीरम या कोपऱ्यातून घेऊच नये.

फरशी, वॉलपेपर आणि लोकर इथे फार स्वस्त मिळतात, पण खोक्यावरचा किंवा लेबलवरचा लॉट नंबर (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) सगळीकडे एकच हवा. लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती लावून किंवा विणून झाल्यावरच डोळ्यात येते. फरशी मोजणीपेक्षा 10 टक्के जास्त उचला, तिरपी बसवायची असेल तर 15. तेवढा साठा एकाच लॉटमध्ये नसेल, तर रॅकवर जेवढी आहे तेवढ्यात बसणारी लहान जागा निवडा.