मंगळवारी वेरूळ दाखवणारा एजंट

शाळेच्या सहलीत कंपनी व्हिजिट लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाने आमच्याकडून १,४५,७०० रुपये घेतले आणि ८६ लेकरं संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर उभी करून फोन बंद केला. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, शोभा व्हायची तेवढी झाली आहे. त्याच्या फर्मचं नावही लिहीत नाही, कारण ते खोटंच निघालं. आम्ही गोदाकाठचे, जालन्यावरून संभाजीनगरला जाणारे, एवढं पुरे. सहलप्रमुख म्हणून सगळ्या कागदांवर माझी सही आहे, म्हणून मीच लिहितोय.

ही माणसं कशी शिरतात ते शिक्षकांना सांगायला नको. मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर जाहिरात पडते, कोणीतरी "ओळखीचा आहे" म्हणतो, मग तो पेढ्याचा बॉक्स घेऊन ऑफिसात येतो. आमच्याकडे आलेला धोरणाची भाषा बोलत होता. "सर, नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शिक्षण आहे. पोरांना कारखाने दाखवावेच लागणार, फोटोसहित अहवाल द्यावा लागणार." यातलं दहा दिवसांचं खरं आहे, २०२० च्या धोरणात तसं लिहिलेलं आहे. पुढचं त्याने पदरचं जोडलं. आमचे मुख्याध्यापक खूश. शिवाय आमच्या पोरांनी खरंच कारखाना पाहिलेला नाही. साखर कारखान्याची चिमणी लांबून दिसते, तेवढंच. वाळूजला गाड्यांचे भाग कसे तयार होतात, असेंब्ली लाइन म्हणजे काय, हे आठवी-नववीच्या पोरांनी बघावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यात माझं काय चुकलं?

एसटी का केली नाही, हे मला आता गावातली पानटपरीसुद्धा विचारते. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते हे मला ठाऊक आहे, याआधीच्या सहली मी एसटीनेच नेल्या आहेत. पण कंपनीच्या परवानगीची तारीख ठरलेली होती (म्हणजे एजंटाने तसं सांगितलं होतं) आणि त्या तारखेला दोन गाड्या जमत नव्हत्या. तारीख बदला म्हटलं तर तो म्हणे, "सर, कंपनीचा स्लॉट गेला तर मार्चपर्यंत नाही." ही स्लॉटची घाई लक्षात ठेवा. खऱ्या कंपनीला तुमची घाई नसते.

दर ठरला प्रति विद्यार्थी १,८५० रुपये. ८६ मुलांचे १,५९,१००. त्यातले १०,००० टोकन, मग ७०,०००, मग मुक्काम आणि गाड्यांसाठी ४८,५००. उरलेले ३०,६०० परत आल्यावर द्यायचे. निघायच्या चार दिवस आधी फोन: कंपनीत हेल्मेट आणि बुटांसाठी प्रत्येकी २०० रुपये अनामत लागते, गेटवरच परत मिळेल. तेही १७,२०० पालकांकडून गोळा करून पाठवले. खातं फर्मचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं होतं. "करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे सर, ही माझी वहिनी." पैसे पाठवायच्या आधी फोनच्या पडद्यावर नाव येतं, ते वाचायलाच असतं. फर्मचं नाव दिसलं नाही तर थांबा.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली आहे ती सांगतो. त्याने पाठवलेल्या पहिल्या वेळापत्रकात मंगळवारी दुपारी वेरूळ होतं.

मंगळवारी वेरूळ बंद असतं. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, हे मराठवाड्यात एक सहल नेलेल्या कोणत्याही मास्तरला झोपेत विचारा. स्वतःला संभाजीनगरचा म्हणवणारा, वर्षानुवर्षं सहली काढतो सांगणारा माणूस मंगळवारी लेणी दाखवतो, म्हणजे त्याने वेरूळचं तिकीटघर कधी बघितलेलंच नाही. आणि हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं! मी फोन केला. तो हसला, "अरे हो सर, मुलगी टाइप करते, दिवस उलटे झाले," आणि चहा संपायच्या आत नवीन पीडीएफ आलं. मंगळवारी कंपनी, जेवण कंपनीच्या कँटीनमध्ये, संध्याकाळी बीबी का मकबरा. बुधवारी वेरूळ, देवगिरी किल्ला आणि परत. मला वाटलं, वा, माणूस तत्पर आहे. ज्या चुकीने कान टवकारायचे, तिच्या दुरुस्तीवर मी खूश झालो. स्टाफरूममध्ये कौतुकही केलं.

त्याच कागदावर खाली वेरूळ प्रवेश शुल्क ४० गुणिले ८६, म्हणजे ३,४४० रुपये लिहिलेले. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना तिथे तिकीट नसतं. आठवी-नववीची बहुतेक पोरं पंधराच्या आतलीच. हेही विचारलं, तर "नवीन नियम आहे सर". त्याच्याही खाली जीएसटी नंबर, सुरुवात २४ ने. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ म्हणजे गुजरात. लेटरहेडवर पत्ता मात्र संभाजीनगरच्या सिडकोचा. नंबर कोणाचा आहे ते जीएसटीच्या पोर्टलवर फुकट बघता येतं. हे मला नंतर कळलं, आणि मी गणित शिकवतो. पण मला सांगा, कोणत्या शाळेत सहलीच्या कोटेशनचा जीएसटी नंबर तपासतात? लेखापरीक्षणात कधी कोणी विचारला आहे?

मंगळवारी पहाटे दोन गाड्या आल्या. गाड्या खऱ्या, ड्रायव्हर खरे. त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. वाळूजला गेटवर पोचलो तेव्हा पोरांनी स्वेटर काढून रांगा केल्या होत्या, मुलींनी प्रश्नांच्या वह्या बाहेर काढल्या होत्या. मी परवानगीचं पत्र दाखवलं. सुरक्षारक्षकाने ते उन्हाकडे धरून बघितलं, आत नेलं, परत आला. वयाने मोठा माणूस, बोलणं आपल्याकडचंच. "सर, हा आमच्या कंपनीचा कागद नाही." लोगो आडवा ताणलेला होता, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. 'इंडस्ट्रियल'चं स्पेलिंग चुकलेलं होतं. पत्र आलेला ईमेल साध्या जीमेलचा. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं; त्या तारखेच्या पानावर दोन ट्रान्सपोर्टवाले आणि एक कॅलिब्रेशनवाला, शाळा कुठेच नाही. "व्हिजिट असली की एचआरकडून गेटला नावांची यादी येती. आन् येवढी लहान लेकरं मशीनवर सोडीत नाहीत आमच्याकडं. मागं बी एक शाळा आल्ती असंच पत्र घेऊन." मागेही एक आली होती! म्हणजे त्या कंपनीला माहीत होतं की आपल्या नावाने बनावट पत्रं फिरताहेत. तक्रार केली का, विचारलं, तर ते म्हणे साहेबांना माहीत.

एजंटाचा फोन बंद. लगेच दोन्ही ड्रायव्हर पुढे आले. एका गाडीचं भाडं २४,००० ठरलेलं, त्याने हातात दिले होते चार-चार हजार. बाकी ४०,००० द्या, नाहीतर गाडी हलणार नाही. तेही फसलेलेच, पण त्यांच्याशी भांडायला माझ्याशिवाय समोर कोण होतं? मुक्कामाच्या लॉजवर फोन केला तर आमच्या नावाने बुकिंगच नाही. सोबत नववीच्या मुली, दोन मॅडम, आणि कँटीनच्या जेवणाच्या भरवशावर उपाशी निघालेली पोरं.

शिल्लक ठेवलेले ३०,६०० जवळ होते म्हणून वाचलो. (शेवटचा हप्ता परत आल्यावरच, या एका गोष्टीवर मी अडून बसलो होतो, ते कोणी सांगत नाही.) ड्रायव्हरांचे ४०,०००, एका माजी विद्यार्थ्याने मिळवून दिलेलं मंगल कार्यालय आणि दोन दिवसांचं जेवण मिळून १३,८४०. एकूण ५३,८४०. शिल्लक वजा जाता २३,२४० आम्ही शिक्षकांनी खिशातून भरले. एका मॅडमनी ज्यातून हप्ता जातो त्या पगाराच्या खात्यातून १२,००० काढले. बुधवारी वेरूळला नेलंच. तिकीट खिडकीवर बहुतेक पोरं फुकट आत गेली. नवीन नियम!

खरी चीड पुढे आहे. गेटवरूनच मुख्याध्यापकांना म्हटलं, तक्रार करतो. ते म्हणाले, "आधी लेकरं सुखरूप आणा, शाळेचं नाव खराब होईल, आल्यावर बघू." आल्यावर ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तात. "सोमवारी या." सोमवारी हवालदाराने कागद वाचून विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवले ना? पिन तुम्हीच टाकला ना? मग हा दिवाणी मामला झाला." दिवाणी! बनावट लेटरहेड, बनावट सही, परक्याचा जीएसटी नंबर, आणि मामला दिवाणी. मग म्हणे प्रकार वाळूजला घडला, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणे पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. मी प्रिंट काढून नेली. हवालदार म्हणाला, "सर, तुम्ही शिकवायचं काम करा." अखेर साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर चेहरा वाकडा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवत नसतील तर तीच तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, मी पाठवली आहे.

बँकेत गेलो. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की व्यवहार ग्राहकाने स्वतः केला आहे. त्या बाईच्या खात्यात तोवर ६१२ रुपये उरले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी, गेटवरूनच फोन करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जवळ ठेवा, तो विचारतात. शाळेची अब्रू नंतर बघता येते.

आणि शिक्षण खातं. सहलीला परवानगी मागताना प्रस्तावासोबत कंपनीचं तेच पत्र जोडलेलं होतं. त्याच पत्रावर त्यांच्या कार्यालयाचा शिक्का आहे, कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. पैसे बुडाल्यावर मात्र तीन दिवसांत नोटीस आली: "आपणांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का प्रस्तावित करण्यात येऊ नये, याबाबतचा लेखी खुलासा विहित मुदतीत सादर करावा." खुलासा दिला. त्याच्यावर प्रश्न आला की खाजगी वाहन का वापरलं. अहो, प्रस्तावात खाजगी वाहनाचे नंबर लिहिले होते, तुम्हीच मंजूर केले! चोराला पत्र नाही, मला नोटीस.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, एजंटाच्या गावाला जावं लागत नाही. वकील म्हणतात, निकाल लागेल, पण वसूल कोणाकडून करणार? पत्ता सिडकोतला, तिथे एक बंद ब्यूटी पार्लर आहे.

इकडे पालक. बहुतेकांनी समजून घेतलं, काहींनी शाळेच्या दारात येऊन ऐकवलं. एक बाप शांतपणे एवढंच म्हणाला, "सर, कापूस इकून देल्ते पैसे. कंपनी नाय पाहिली तर निदान त्ये दोनशे तर द्या." अनामतीचे दोनशे मी त्याला माझ्या खिशातून दिले. मग बाकीचेही मागायला आले. आता पगारातून महिन्याला थोडे थोडे देतोय.

कंपनी दाखवायचीच असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून एचआरला स्वतः फोन करा. एजंटाने दिलेल्या नंबरावर नको. तिथे त्याचाच माणूस 'एचआर' म्हणून बोलतो, माझ्याशी बोलला, छान इंग्रजीत. मुलांचं वय विचारत नसेल, बूट-चष्म्याबद्दल विचारत नसेल, तर तो कंपनीतला नाही. आणि संस्थाचालक, मुख्याध्यापक "तुम्ही बघून घ्या" म्हणाले की ते लेखी मागा.

एजंटाचा तो नंबर महिनाभर बंद होता. परवा सुरू झाला. पोलिसांना कळवलं, "बघतो" म्हणाले. स्टेटसला नव्या नावाने जाहिरात आहे: शाळांसाठी खास, दोन कंपनी भेटी, प्रति विद्यार्थी १,९५० रुपये फक्त. शंभर रुपये वाढवलेत.