पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार : नऊ महिने वाजवल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात ही गिटार मिरजेत माझ्या घरी आली. वजन २ किलो ७०० ग्रॅम. आधीची भरीव गिटार ४ किलो १०० ग्रॅमची होती. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चार तास उभं राहून वाजवलं की डावा खांदा रात्री झोपू द्यायचा नाही. कारागिराकडे मी गेलो तो फक्त वजन उतरवून घ्यायला. हिवाळा, उन्हाळा आणि बराचसा पाऊस तिच्यासोबत काढून झाल्यावर आता लिहायला बसलोय आणि वजनाची गोष्ट माझ्या लेखी बरीच मागे पडलीय.

दुकानांत तीन वेगळ्या बांधणींना सरसकट ‘हॉलो’ म्हणतात. घेताना माझाही त्यामुळे गोंधळ झाला होता, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पहिली पूर्ण पोकळ. हिच्या बाजूच्या पट्ट्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या, उष्णता देऊन वाकवलेल्या. त्यांच्यावर व्हायोलिनसारखी फुगीर तबली आणि पाठ चिकटवतात. (साउंडबोर्डला, म्हणजे वरच्या फळीला, मी तबलीच म्हणणार. मिरजेत सतारीच्या गल्लीजवळ वाढलेल्या माणसाच्या तोंडी दुसरा शब्द येत नाही.) न्यूयॉर्कमध्ये जॉन डी’अँजेलिको स्प्रूसच्या जाड फळीतून अशी तबली हाताने कोरून काढायचे. गिब्सन कंपनीने १९४९ मध्ये आणलेल्या ईएस-१७५ची तबली मात्र मेपलच्या प्लायची, साच्यात दाबून फुगवलेली. प्लाय म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण कोरलेल्या पातळ स्प्रूसपेक्षा ती कमी थरथरते आणि स्पीकरसमोर कमी घुमते. ॲम्पवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर, वाजणाऱ्या वाद्याला हा गुण फार कामाचा आहे.

दुसरी अर्धपोकळ. गिब्सनची १९५८ची ईएस-३३५ ही तिची ठळक ओळख. दोन्ही पंख पोकळ आणि मधून मेपलचा लांब ठोकळा. तबली फुगीर आणि ठोकळा सरळ, म्हणून मधली फट भरायला स्प्रूसच्या पट्ट्या त्या गोलाईत बसवतात. या कल्पनेचं मूळ गिटारवादक लेस पॉल यांच्या ‘लॉग’मध्ये सापडतं. १९४०च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात चार बाय चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणल्या आणि तो गिटारसारखा दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले.

तिसरी माझी : भरीव फळी घ्यायची, आतून कोरून कप्पे करायचे आणि वर झाकण बसवायचं. रिकनबॅकर आपल्या ३०० मालिकेच्या गिटारींत पाठीकडून कोरतं. फेंडरची १९६८ची टेलिकास्टर थिनलाइनही पाठीकडूनच कोरून पातळ फळीने बंद केलेली होती. हलकं ॲश लाकूड मिळेनासं झालं होतं, हे त्यामागचं एक कारण. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलमध्ये १९८०च्या दशकापासून आत नऊ भोकं पाडून वजन उतरवायचे. त्या भोकांनी तबली मोकळी होत नाही, म्हणून ती गिटार मी पोकळ धरत नाही.

कारागीर एकटेच काम करतात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी तीनदा जाऊन बसलो आणि माझ्या मते पैशांची अर्धी वसुली त्या तीन दिवसांतच झाली. पहिल्या दिवशी फक्त लाकूड पाहिलं. अंगाला महोगनीच्या जोडफळ्या, झाकणाला स्प्रूस, मानेवरच्या पट्टीला आपल्याकडची शिसवी, जी जगभरच्या गिटारींवर दिसते. प्रत्येक तुकड्यात पिना टोचून त्यांनी ओलावा मोजला. एक देखणी फळी बारा टक्क्यांवर निघाली, ती त्यांनी परत मांडणीवर ठेवली. “अजून मुरू दे. आता कापली तर पुढच्या वर्षी ती आपल्याला कापेल,” म्हणाले.

दुसऱ्या खेपेला कोरणं. फळीची जाडी ४५ मिलिमीटर. आधी ड्रिलने एकमेकांना चिकटून भोकं, मग साच्याच्या कडेने राउटर (लाकूड कोरणारं यंत्र), एका फेरीत पाच मिलिमीटरच. घाई केली तर कडेला रेषा फाटते. बाजूची भिंत आठ मिलिमीटर राहिली, तळ सहा. मधे दहा सेंटिमीटर रुंदीचा ठोकळा. इथपर्यंत मला अपेक्षित होतं. मग त्यांनी पटाशी घेतली आणि तो ठोकळा वरून चार मिलिमीटर उतरवला. फक्त मानेचा सांधा, घोडीचे (तारा टेकतात त्या पट्टीचे) दोन स्क्रू आणि शेपटीकडचा भाग तेवढा मूळ उंचीवर ठेवला. म्हणजे झाकण बसल्यावर ते ठोकळ्याला तीनच ठिकाणी टेकणार, बाकी अधांतरी. मी कारण विचारलं. “सगळीकडे चिकटवली तर तबली कोरायची कशाला?” एवढंच म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

वीस मिलिमीटरच्या स्प्रूसमधून तबली काढायला त्यांना दोन दिवस लागले. अंगठ्याएवढ्या रंध्याने आधी बाहेरची गोलाई, मग आतली. मधे सहा मिलिमीटर, कडेला चार. दर थोड्या वेळाने फळी कानाजवळ धरून बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. सुरुवातीला ‘टक’ असा कोरडा, शेवटी खोल आणि लांब. एफच्या आकाराचं एकच छिद्र, जाड तारांच्या बाजूला, बारीक करवतीने. झाकण फेविकॉलने, मान मात्र सरसाने जोडली, कारण वाफ आणि उष्णता दिली की सरसाचा सांधा पुढे कधी दुरुस्तीला उघडता येतो. पॉलिश चपड्याचं. ते लवकर ओरखडतं, घामाने पांढुरकं पडतं, पण पातळ बसतं. मला ते आवडतं.

आता आवाज. तार छेडल्यावर पहिला ठोका भरीव गिटारीपेक्षा मऊ येतो आणि लगेच फुलतो, पण लवकर विरतो. तारेची ताकद तबली हलवण्यात खर्च होते, त्यामुळे हे होणारच. लांबच लांब ओढलेला, तापलेला रॉक सूर हवा असेल तर ही गिटार तुमची नाही. मी भावगीतांच्या साथीला आणि जुन्या हिंदी गाण्यांना वाजवतो. तिथे तबल्याच्या बोलांमध्ये सूर मागे रेंगाळत नाही आणि पेटीच्या भात्यावर चढत नाही. मानेकडच्या पिकअपवर (तारांची कंपनं पकडून ॲम्पकडे पाठवणाऱ्या भागावर) टोनचं बटण निम्मं खाली आणून चार सुरांचा कॉर्ड धरला की गाणाऱ्याला हवी तेवढी जागा मोकळी राहते. माझ्याबरोबर नेहमी गाणाऱ्या ताई पहिल्याच कार्यक्रमानंतर म्हणाल्या, “आज मला ओरडावं लागलं नाही.”

रात्री ॲम्प न लावताही ती खोलीत ऐकू येते. माझा रियाज यामुळे वाढला, हे खरं आहे.

जानेवारीत ती सतारी बनवणाऱ्या ओळखीच्या चाचांकडे नेली. शिकलगारांनी हत्यारांची धार सोडून वाद्यं हातात घेतल्याला मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि चाचांच्या हाताला ती सगळी वर्षं ठाऊक आहेत. त्यांनी दोनदा पेर वाजवलं आणि म्हणाले, “तबली जाड ठेवलीय त्यानं.” मी पिकअप दाखवला, आवाज मोठा करायचं काम तो करतो म्हणून सांगितलं. थोडा वेळ तारा छेडत बसले. मग म्हणाले, “मग बरोबर आहे. भोपळ्याला सगळं एकट्यानं करायचं असतं.” पोकळ इलेक्ट्रिक गिटार कशी बांधावी, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. तबली पातळ केली तर घरात सुंदर वाजेल आणि मंचावर घुमून नकोसं करेल. जाड ठेवली तर पोकळी असून नसल्यासारखी. सहा आणि चार मिलिमीटर हा त्या दोन टोकांमधला निर्णय होता.

घुमण्याचा त्रास तरीही झालाच. एप्रिलमध्ये एका मंगल कार्यालयात ॲम्प माझ्या पाठीशी, जेमतेम चार फुटांवर होता. जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी, म्हणजे सुमारे ९८ हर्ट्झचा सूर, हात काढला तरी वाढतच गेला. पोकळीतली हवा आणि तबली त्या सुराच्या आसपास सगळ्यात जास्त हलतात आणि स्पीकर त्यांना पुन्हा पुन्हा ढकलतो. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग छिद्रांत टॉवेल कोंबायचे आणि १९८०मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाची ‘ल्यूसिल’ गिटार काढली ती छिद्रांशिवायच. मी छिद्राच्या मापाचा काळ्या स्पंजचा तुकडा कापून घेतला, ॲम्प बाजूला सरकवला आणि मिक्सरवर शंभर हर्ट्झजवळ थोडं कमी केलं. तेव्हापासून निभावतंय. मोठ्या मंचावर, ढोल-ताशा शेजारी असेल तेव्हा मात्र मी अजूनही भरीव गिटारच नेतो.

तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याचा सी इतरांपेक्षा लवकर मरतो. मला वाटलं, कप्प्यांचा दोष. कारागिरांनी फोनवर गिटारीच्या डोक्याला, म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाला, एक छोटा क्लॅम्प लावून वाजवायला सांगितलं. लावला, आणि मेलेली जागा शेजारच्या पडद्यावर सरकली. म्हणजे ती मानेची कंपनं होती, अंगाचा संबंध नव्हता. भरीव गिटारीतही हे असतं, आपण लक्ष देत नाही एवढंच.

अंग हलकं झाल्यामुळे मान खाली जाते, हा खरा दोष. हात सोडला की डोकं जमिनीकडे. आतून खरखरीत असलेला रुंद चामडी पट्टा घेतला आणि कान पिळायच्या जड खुंट्या बदलून हलक्या बसवल्या. ७० टक्के फरक पडला. हे बनवतानाच लक्षात यायला हवं होतं, आणि मी ते कारागिरांना स्पष्ट सांगितलं. मुदतीचीही तक्रार आहे : पाच महिने सांगितले, लागले नऊ, आणि मधले दोन महिने फोन उचलला गेला नाही. १ लाख ३५ हजार रुपयांतला निम्म्याहून जास्त भाग आगाऊ दिलेल्या माणसाला ते दोन महिने फार जड गेले.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. एप्रिलमध्ये खोलीतला हवेतला ओलावा २८ टक्के होता, जुलैत ८२. स्प्रूस रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, तबली वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर घोडी. बाराव्या पडद्यावर तारेची उंची १.८ मिलिमीटर होती ती २.१ झाली. घोडीचे स्क्रू पाव फेरा खाली, मानेतल्या सळईला थोडासा ताण, काम झालं. घोडी ठोकळ्यावर टेकलेली असल्याने एवढ्यावर भागलं. पूर्ण पोकळ गिटारीला यापेक्षा जास्त सोसावं लागतं. केसमध्ये ओलावामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि उन्हाळ्यात त्याच पुड्या काढून टाका, नाहीतर चपड्याला बारीक तडे जातात.

जुलैतच एक झर्र असा आवाज सुरू झाला. चार दिवस पडदे, घोडी, खुंट्या सगळं तपासलं. शेवटी छिद्रातून मोबाइलचा उजेड टाकला, तर पिकअपची वायर तबलीला आतून टेकत होती. मागचं झाकण उघडून स्पंजची पट्टी लावली. माझ्या गिटारीला मागे झाकण आहे म्हणून दहा मिनिटांत झालं. पूर्ण पोकळ गिटारीत हेच काम दोरा बांधून छिद्रातून सगळी बटणं बाहेर ओढून करावं लागतं. घेताना मागे झाकण आहे का, हे नक्की बघा.

कोणी बनवून घेणार असेल तर कारागिराला ठोकळा किती ठेवणार आणि तो तबलीला कुठे कुठे टेकवणार, हे आधी विचारा. उत्तर लगेच आणि मिलिमीटरमध्ये आलं तर पुढचं बोला. लाकडाच्या जातींची चर्चा नंतर.

पुढच्या आठवड्यापासून गणपतीचे कार्यक्रम सुरू. त्यातले तीन बंद सभागृहात आहेत, तिथे हीच जाईल. स्पंजचे दोन तुकडे केसमध्ये ठेवलेत, आणि ध्वनिव्यवस्थेवाल्यांना ॲम्प डाव्या विंगेत ठेवायला आजच कळवलंय.