लास व्हेगसची दोन फुकट तिकिटं

आधी आकडा सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी तेवढाच वाचून सोडलं तरी चालेल. जादूच्या प्रयोगाची फुकट तिकिटं घ्यायला म्हणून गेलो आणि साडेपाच तासांनी 18,900 डॉलरच्या टाइमशेअर करारावर (म्हणजे रिसॉर्टमधली खोली दर वर्षी ठराविक काळ वापरायचा विकत घेतलेला हक्क) सही करून बाहेर पडलो. आम्ही नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, सोबत एलआयसीतून निवृत्त झालेले वडील. तरीही.

आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. मागच्या थँक्सगिव्हिंगला आई-बाबा सांगलीहून आलेले होते. बाबांना जादूचं वेड. तरुणपणी त्यांनी जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघितला होता, तो अजून कालच बघितल्यासारखा सांगतात. त्यांना स्वतःला एकच जादू येते, नाणं कोपरात जिरवायची, आणि ती नातीला दिवसातून तीनदा बघावी लागते. यूट्यूबवर त्यांना पेन आणि टेलर हे दोन जादूगार सापडले. पेले आणि गोळ्यांचा जुना खेळ ही जोडी पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यांत करून दाखवते. सगळं डोळ्यांसमोर, तरी हात पकडता येत नाही. हे दोघं 2001 पासून व्हेगसच्या रिओ हॉटेलात प्रयोग करतायत हे कळल्यावर बाबा काही बोलले नाहीत, फक्त इथून व्हेगस किती लांब आहे एवढं विचारलं. गाडीनं पाच तास.

शुक्रवारी निघालो. किंगमन मागं टाकलं, हूवर धरणाजवळचा पूल ओलांडला की नेवाडा, आणि घड्याळ एक तास मागं जातं. "बघ, आल्या आल्या एक तास फुकट मिळाला," बाबा म्हणाले.

शनिवारी सकाळी स्ट्रिपवर, म्हणजे व्हेगसच्या मुख्य रस्त्यावर, फिरायला बाहेर पडलो. मोठ्या हॉटेलांच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्यांच्या तोंडाशी, छोटी काउंटरं असतात. वर शोच्या तिकिटांची पाटी, मागं पोस्टरं, बघणाऱ्याला वाटावं हीच तिकीटखिडकी. तिथल्या पोरानं मला हाक मारली नाही. माझ्या मुलीच्या हातात पत्त्यांचा कॅट होता, त्यानं तिलाच विचारलं, जादू बघायला आलीस का? झालं, आम्ही थांबलो.

मग गप्पा. कुठून आलात, किती दिवस मुक्काम, लग्नाला किती वर्षं झाली, घर स्वतःचं का भाड्याचं, क्रेडिट कार्ड कुठलं वापरता. मला वाटलं पोरगं बोलकं आहे. ती चाळणी होती. त्यांना जोडपं लागतं, दोघंही हजर लागतात, ठराविक उत्पन्न आणि चालू क्रेडिट कार्ड लागतं. आई-बाबांकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला कर्ज कोण देणार!

मी विचारलं, पेन आणि टेलरची तिकिटं आहेत का? तो म्हणाला, "तो शोही आहे." हे वाक्य नीट वाचा. तो शो आहेच, रिओमध्ये, सगळ्या जगाला माहीत आहे. त्याची तिकिटं मला देईन असं तो म्हणाला नव्हता, ते माझं मीच ऐकलं. बदल्यात काय, तर दीड तास एका नव्या रिसॉर्टची माहिती ऐकायची, नाश्ता त्यांचा. जागा राखायला म्हणून 40 डॉलर रोख इसार, तो परत मिळणार. मी सरळ विचारलं, टाइमशेअर आहे का हे? तर म्हणे छे, ते जुनं झालं, हे पॉइंट्स आहेत. (पॉइंट्स म्हणजे टाइमशेअरच. एका ठराविक खोलीच्या ठराविक आठवड्याऐवजी दर वर्षी वापरायचे गुण मिळतात, एवढाच फरक.)

त्यांच्याच व्हॅननं नेलं. यातली मेख नंतर कळली. आपली गाडी आपल्या हॉटेलात, आपण स्ट्रिपपासून लांब एका इमारतीत, आणि परतीची व्हॅन त्यांच्या मर्जीवर.

मोठा हॉल, पंचवीस-तीस गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कुटुंब. कुणी सही केली की घंटा वाजायची आणि सगळे विक्रेते टाळ्या वाजवायचे. आमच्या वाट्याला साठीच्या एक बाई आल्या. आधी त्यांनी नातवाचे फोटो दाखवले. मी आईला काय हाक मारतो ते ऐकून पुढं तासभर त्याही तिला "आई" म्हणत होत्या. चहा आणला, तोही दूध वेगळं गरम करून. आईनं माझ्या कानाशी म्हटलं, "एवढं चहापाणी केलंय बाईनं, अर्ध्यातनं कसं उठायचं?"

भीड ही भिकेची बहीण, हे मला लहानपणापासून ऐकवलं कुणी, तर आईनंच.

बाई विचारत होत्या त्या प्रश्नांना नाही म्हणताच येत नाही. मुलीसोबत अजून वेळ घालवायला आवडेल का? सुट्टीवर वर्षाला साधारण किती खर्च होतो? तीन हजार? मग वीस वर्षांचे किती? हे सगळं त्या कागदावर लिहीत होत्या, आणि समोर बसून उलटं लिहीत होत्या, म्हणजे आमच्या बाजूनं सरळ वाचता यावं. भरभर, वळणदार आकडे, एकही खाडाखोड नाही. मी त्या हाताकडंच बघत बसलो. वीस वर्षांचे साठ हजार, त्यात महागाई धरून नव्वद, हे गणित कुठल्या दरानं केलं ते विचारायचं मला सुचलंच नाही.

पहिली किंमत 42,000 डॉलर. आम्ही नको म्हणालो. बाई दुखावल्यासारख्या झाल्या आणि मॅनेजरला घेऊन आल्या. 31,500. नको. मग तिसरा माणूस आला, त्याच्या हातात एकच कागद: कालच कुणीतरी परत केलेले पॉइंट्स, 18,900, पण आजच्या दिवसापुरते. बाबांनी मला मराठीत विचारलं, "उद्या हीच किंमत का नाही, विचार त्याला." मी विचारलं. उत्तर आलं, पहिल्या भेटीची सवलत आहे. बाबांनी आणखी एक विचारायला लावलं, सही केल्यावर परत करता येतं का? बाई हसल्या आणि म्हणाल्या, आनंद कुणी परत करतं का? बाबांनी आयुष्यभर विमा विकणारी माणसं बघितलेली. ते गप्प झाले, पण त्यांचं तोंड मी वाचायला हवं होतं.

आता सगळ्यात घातक भाग. "तुम्हाला मिळतंय का ते तरी बघू, बांधील काही नाही," असं म्हणत टॅब्लेट पुढं केला. नाव, पत्ता, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी क्रमांक. मिनिटभरात "अभिनंदन" आलं. तो नव्या क्रेडिट कार्डाचा अर्ज होता. आमच्या नावावर कार्ड निघालं आणि सुरुवातीचे 1,890 डॉलर त्याच्यावर टाकले. "आज तुमच्या खिशातनं एक पैसाही जात नाही." बाकीच्यांचं दहा वर्षांचं कर्ज, व्याज सोळा टक्क्यांच्या वर. शिवाय दरवर्षी देखभालीचे हजारभर डॉलर वेगळे, आणि ते वाढत जाणारे.

सही का केली? तीन वाजून गेले होते, मुलगी भुकेनं रडकुंडीला आलेली, व्हॅन विचारली की "हे एवढं झालं की लगेच". हे सगळं खरंच आहे, पण खरं कारण एवढंच नाही. आमच्या टेबलावरची घंटा वाजली नाही तर त्या बाईंचा दिवस वाया जाईल, असं मला खरोखर वाटत होतं. आणि 42 वरून 18 वर आणलं म्हणून थोडी फुशारकीही.

तिकिटांचं काउंटर अगदी शेवटी, बाहेर पडायच्या दाराशी. तिथं हातात पडलं ते व्हाउचर. पाच जणांचं नाही, दोघांचं; "जोडप्यामागं भेट" असं बारीक अक्षरात होतं. शो पेन आणि टेलरचा नाही, दुपारचा एक छोटा शो. सुट्टीचा वीकेंड म्हणून शनिवारी चालणार नाही, रविवारी दोनचा चालेल. वर प्रत्येक तिकिटामागं पंधरा डॉलर शुल्क. आणि इसाराचे 40? त्यांचं जेवणाचं कूपन, ते वापरायला आधी शंभरचं बिल करायचं.

रात्री हॉटेलात सगळे झोपले. मला दोन वाजता जाग आली तर बाथरूमचा दिवा चालू. बाबा कमोडचं झाकण लावून त्यावर बसलेले, चष्मा नाकावर, मांडीवर कराराची ती गुळगुळीत फाइल. इंग्रजीची त्यांना अडचण नाही, छत्तीस वर्षं पॉलिसीचीच कागदं वाचलीत. म्हणाले, "फ्री-लुक आहे रे. मी शोधत होतो ते आहे." आपल्याकडं विम्याची पॉलिसी हातात पडल्यावर ती परत करायची मुदत असते. पूर्वी 15 दिवस होती, 2024 मध्ये 30 झाली. तसंच काहीतरी इथं असणारच, असं धरून ते पान पान उलटत बसले होते.

नेवाडाचा कायदा असा आहे: टाइमशेअरच्या करारावर सही केल्यानंतर पाचव्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत तो लेखी कळवून रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही. दिवस साधे मोजायचे, शनिवार-रविवार धरून. हा हक्क आपण सही करून सोडून देऊ शकत नाही. आमची सही शनिवारची, म्हणजे गुरुवारच्या मध्यरात्रीपर्यंत. इतर राज्यांत ही मुदत वेगळी असू शकते, तेव्हा आपल्या करारात काय लिहिलंय तेच बघा. विक्रेत्याला विचारू नका.

सोमवारी चँडलरच्या पोस्टातून पत्र पाठवलं. पत्र चार ओळींचं: आमची नावं, करार क्रमांक, सहीची तारीख, आणि आम्ही हा करार रद्द करत आहोत. दोघांच्या सह्या, कारण करारावर दोघांच्या होत्या. पत्ता करारातल्या रद्द करण्याच्या कलमात दिलेला, बाईंच्या व्हिजिटिंग कार्डावरचा नव्हे. सर्टिफाइड मेल, पोच-पावतीसकट, आणि पाकिटात घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर पुन्हा कुणीतरी गोड बोलणार, "आठवडाभर थांबून ठरवा" म्हणणार, आणि तेवढ्यात मुदत संपणार.

पैसे सतरा दिवसांनी त्या कार्डावर परत आले. मग कार्ड वेगळं बंद करावं लागलं, करार रद्द झाला की ते आपोआप बंद होत नाही. क्रेडिट रिपोर्टवर त्या अर्जाची चौकशी दोन वर्षं दिसत राहील. 40 डॉलर गेले ते गेलेच.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो कसनुसा हसला. त्याचे असेच पाच दिवस सहा वर्षांपूर्वी निघून गेलेत. पुढं कुणीतरी फोन करून सांगितलं, तुमचं टाइमशेअर आम्ही सोडवून देतो, आधी चार हजार भरा. त्यानं भरले. ते फोन पुन्हा लागले नाहीत. अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) अशा सोडवणाऱ्यांपासून सावध राहायला सांगतो. पण ही दुसरी फसवणूक ज्याला गाठते तो आधीच एवढा दमलेला असतो, की ते सगळं कुठं वाचत बसणार!

प्रयोगाचं सांगायचं राहिलंच. रविवारी दोन वाजता आई-बाबांना आत सोडलं आणि आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो. जागा मिळाल्या होत्या दुसऱ्या रांगेत, पण अगदी डाव्या टोकाला, भिंतीला लागून. आईला म्हणे मध्ये डुलकी लागली. बाबा बाहेर आले ते शांतच. रात्री मुलगी झोपल्यावर मला म्हणाले, त्या कोपऱ्यातनं जादूगाराचा डावा हात मागून दिसत होता. समोरच्या सगळ्या लोकांना चेंडू नाहीसा झालेला दिसला, यांना तो त्याच्या तळव्यात दिसला. एकदा नाही, तीनदा.

बाहेर आल्या आल्या मुलीनं मात्र आधी त्यांनाच गाठलं होतं. "आजोबा, चेंडू कुठं गेला?"

"कळलंच नाही गं," बाबा म्हणाले आणि खिशातून नाणं काढून कोपरावर घासायला लागले.