नव्वद मिलिमीटरचा सामुराई : एका जुन्या संचाची पारख

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका संग्राहकाकडून घेतलेला, पोस्ट मिलिटेअर या ब्रिटिश कंपनीचा ९० मिलिमीटर मापाचा ओतीव धातूचा सामुराई, म्हणजे जपानी योद्ध्याची सुटे भाग जोडून रंगवायची लहान प्रतिकृती, हा जुन्या संचांतील जपण्याजोगा ऐवज आहे. चिलखताच्या पट्ट्या एकमेकींशी बांधणाऱ्या दोऱ्यांची वीण, म्हणजे ओदोशी, इथे इतकी स्पष्ट उमटली आहे की खांद्यांवरील सोदे (खांदे झाकणारे पट्टे) आणि कमरेखालील कुसाझुरी (मांड्या झाकणारे पट्टे) यांच्या ओळी रंग देण्याआधीच वेगवेगळ्या दिसतात. संचाचे खरे मोल माझ्या मते याच कोरीवकामात आहे. साच्याच्या सांध्याच्या रेषा मात्र बारीक कानशीने घासाव्या लागतात.

जुना संच घेताना प्रत्येक भाग सूचनापत्रकाशी ताडून पाहावा, कारण शिरस्त्राणावरचे माएदाते (पुढच्या बाजूचे शोभाचिन्ह) आणि तलवारीची मूठ असे नाजूक भाग आधी हरवतात. धातूत शिसे असेल, तर बंद लाकडी कपाटातील आम्लयुक्त वाफांमुळे, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि झिजलेला तपशील परत मिळत नाही. या संचावर ती कुठेही नव्हती, त्यामुळे मागितलेली किंमत मला रास्त वाटली. घासकाम करताना मास्क अवश्य लावावा आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.