डी-तिकीटवर आल्प्सचा वीकेंड: गावांसाठी बेस्ट, शिखरांसाठी शून्य

म्युनिकला शिकायला आलं की पहिल्याच महिन्यात कुणीतरी सीनियर सांगतो, डी-तिकीट आहे ना तुझ्याकडे, मग आल्प्स फुकट आहेत. अर्धं खरं आहे ते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत हे तिकीट तुम्हाला आरामात घेऊन जातं आणि तिथेच सोडून देतं, पुढे रोपवे, रॅक रेल्वे (दातेरी रुळावरून डोंगर चढणारी गाडी), घळ, महाल सगळ्याचे पैसे वेगळे. आम्ही चौघं (मी पुण्याची, एक नाशिकवाला, एक कोल्हापूरची आणि एक तमिळ मित्र जो आमच्यात राहून आता मराठीत शिव्या देतो) गेल्या सप्टेंबरात याच तिकिटावर गार्मिश, मिटनवाल्ड आणि ओबरामरगाउ करून आलो आणि माझं मत असं की शिखर गाठायचं डोक्यात ठेवून जाल तर चिडाल, गावं बघायला जाल तर याच्याइतकं वसूल काही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डॉइचलांड-तिकीट म्हणजे अख्ख्या जर्मनीतल्या लोकल आणि रीजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस सगळ्याला चालणारा महिन्याचा पास. मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झाला, २०२५ ला ५८ झाला आणि २०२६ पासून ६३. इथल्या विद्यार्थ्यांना स्वस्त पडतो, त्यामुळे तो तसाही खिशात असतोच. आयसीई आणि आयसी-ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही, पण या भागात हिंडायला त्या गाड्या लागतातच कुठे. सबस्क्रिप्शन आहे, म्हणजे बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेले. आणि तिकीट तुमच्या नावावर असतं, मित्राला द्यायचं नाही, बरोबर आयडी लागतोच.

आता प्रवास. म्युनिक मुख्य स्टेशनवर गार्मिशच्या गाड्या मेन हॉलमधून नाही, बाजूच्या श्टार्नबेर्ग विंगमधून सुटतात, प्लॅटफॉर्म २७ ते ३६, आणि तिथपर्यंत बरंच चालावं लागतं, तेव्हा दहा मिनिटं हाताशी ठेवूनच या. दुसरं म्हणजे गाडी वाटेत तुटते. म्हणजे बिघडत नाही हो, डबे वेगळे होतात, काही टुट्झिंगला कोखेलकडे जातात, गार्मिशला पुन्हा वाटणी, एक तुकडा मिटनवाल्ड-इन्सब्रुककडे आणि एक रॉयटेकडे. डब्यावरचा बोर्ड वाचून बसा. श्टार्नबेर्गला तळं अगदी प्लॅटफॉर्मला लागून आहे, खिडकी डावीकडची धरा. याच तळ्यात १८८६ ला बायर्नचा, म्हणजे बव्हेरियाचा, तो महालवेडा राजा लुडविग दुसरा मेलेला सापडला, त्याच्याकडे नंतर येते.

गार्मिश-पार्टेनकिर्शेन ही खरं तर दोन गावं, १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी १९३५ ला जबरदस्तीने एक केलेली. सगळे नुसतं गार्मिश म्हणतात ते पार्टेनकिर्शेनवाल्यांना अजून आवडत नाही म्हणे, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे कारण लुडविगश्ट्रासे नावाचा तो जुना रस्ता, रंगवलेल्या घरांचा, पार्टेनकिर्शेनच्याच बाजूला आहे. गार्मिशची बाजू म्हणजे दुकानं आणि हॉटेलं.

इथून बसने आयबसेला गेलो, बसही याच तिकिटात. तळं असं हिरवं-निळं की फोटो एडिट केल्यासारखा येतो, भोवती साधारण साडेसात किलोमीटरची पायवाट आहे, रमतगमत दोन तास. पण सकाळी लवकर जा, कारण दुपारी पार्किंगजवळचा किनारा म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारचा भुशी डॅम, फक्त भजी नाहीत. मागच्या काठाला मात्र शांतता असते, बहुतेक लोक पहिल्या वळणावरच सेल्फी काढून परततात.

त्सुगश्पित्से, जर्मनीचं सगळ्यात उंच शिखर, २९६२ मीटर, इथून थेट डोक्यावर. २०१७ ला सुरू झालेला रोपवे जबरदस्त प्रकार आहे, मधे एकच १२७ मीटरचा खांब आणि त्याच्या पुढे ३२१३ मीटर तार नुसती अधांतरी. आणि तिकीट? सत्तर युरोच्या वर. डी-तिकीट दाखवून काही होत नाही. नाशिकवाला गेला वर, आम्ही तिघं नाही गेलो. तो म्हणाला व्ह्यू कडक आहे पण हिमनदी बघून वाईट वाटलं, आणि ते खरंच आहे, तिथली दक्षिणेकडची श्नेफेर्नर हिमनदी इतकी वितळली की २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला हिमनदी म्हणणंच बंद केलं. पहिल्यांदा आलेल्या, बजेट असलेल्या माणसाने जावं, महिनाअखेरच्या विद्यार्थ्याने तळ्यावर डबा खावा.

दुपारी मिटनवाल्ड, गार्मिशहून गाडीने वीसेक मिनिटं. आणि इथे मी फिदा. घरांच्या भिंतीवर खोटे खांब, खोट्या खिडक्या, संत, देवदूत, शेतकरी, सगळं ओल्या चुन्यावर रंगवलेलं, त्यामुळे रंग भिंतीतच मुरतो आणि शेकडो वर्षं टिकतो. चर्चचा मनोरासुद्धा रंगवलाय. चर्चसमोर माथियास क्लोत्स या व्हायोलिन बनवणाऱ्याचा पुतळा आहे, आणि त्यामागची गोष्ट मला सगळ्यात आवडली. व्हेनिसचे व्यापारी १४८७ पासून जवळजवळ दोनशे वर्षं इथे बाजार भरवत होते, गाव त्यावर गब्बर झालं, मग १६७९ ला बाजार उठला आणि गावाची कमाईच गेली. त्याच सुमारास हा क्लोत्स इटलीत कला शिकून परत आला, आजूबाजूच्या डोंगरात स्प्रूस आणि मॅपलचं लाकूड भरपूर, आणि गाव व्हायोलिनवर पुन्हा उभं राहिलं. १८५८ ची व्हायोलिन बनवायची शाळा अजून चालू आहे. म्युझियम छोटंसं आहे, वेळ असेल तर बघा, नसेल तर गल्ल्यांतून चाला आणि वर्कशॉपच्या खिडकीत टांगलेली अर्धवट व्हायोलिनं बघा, ते फुकट.

फुकट म्हणजे, गावातून चालत लॉयटाश घळीत जाता येतं, कड्याला ठोकलेल्या लोखंडी पुलांवरून, खाली पाणी घोंघावतंय आणि चालता चालता तुम्ही ऑस्ट्रियात. मेन वाटेला पैसे नाहीत, फक्त धबधब्याकडच्या वेगळ्या वाटेला आहेत. गार्मिशची पार्टनाख घळ जास्त फेमस पण तिथे एंट्री फी आहे, आम्ही सोडली, पश्चात्ताप नाही. एक लक्षात ठेवा, डी-तिकीट या लाइनवर मिटनवाल्डपर्यंतच. तीच गाडी पुढे झेफेल्ड करून इन्सब्रुकला उतरते, मोह होतो, पण पुढचं तिकीट आधी काढा. साल्झबुर्ग आणि कुफश्टाइनला मात्र ऑस्ट्रियात असूनही हे तिकीट चालतं, विचित्रच आहे पण आपल्याला काय, वापरा.

राहायला गार्मिशमधलं एक हॉस्टेल, नाव घेत नाही. बुकिंगच्या रेटमध्ये चादर नव्हती, टूरिस्ट टॅक्स नव्हता आणि किचन रात्री नऊला कुलूपबंद. चौघांची खिचडी आम्ही आठ चाळीसला गॅसवर चढवली आणि शेवटी रिसेप्शनवाली काकी दारात किल्ल्या वाजवत उभी. खोली स्वच्छ होती, खिडकीतून डोंगर, पाचपैकी अडीच. अजून एक, बायर्नमध्ये सुपरमार्केट शनिवारी रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, त्यामुळे ब्रेड, चीज, पाणी शनिवारीच घ्या नाहीतर रविवारी हॉटेलात पाण्याच्या बाटलीलाही बियरएवढे पैसे मोजाल. व्हेज लोकांनी केझेश्पेट्झ्ले मागवा, चीज घातलेले शेवयांचे जाड भाऊ, वर तळलेला कांदा. मला आवडलं, कोल्हापूरकरणीने पर्समधून कांदा-लसूण चटणी काढली.

रविवारी ९६०६ नंबरची बस धरून एटाल मठावरून ओबरामरगाउ. हे ते गाव जिथे १६३३ च्या प्लेगमध्ये लोकांनी नवस बोलला की वाचलो तर येशूच्या शेवटच्या दिवसांचं नाटक करू, आणि १६३४ पासून ते फेडतायत, दर दहा वर्षांनी, अख्खं गाव स्टेजवर. २०२० चं करोनामुळे २०२२ ला झालं, पुढचं २०३० ला. काम करायला गावात जन्म तरी हवा नाहीतर वीस वर्षं राहिलेलं हवं. मधल्या वर्षांत लाकडी कोरीवकामाची दुकानं बघायची, किमती बघून हात खिशात ठेवायचे.

तिथून बसने लिंडरहोफ, लुडविगच्या हयातीत पुरा झालेला एकटाच मोठा महाल. जेवणाचं टेबल खाली स्वयंपाकघरात उतरायचं आणि भरून वर यायचं म्हणजे राजाला नोकराचं तोंड बघायला नको! बागेतल्या कृत्रिम गुहेत १८७० च्या दशकातच डायनामो बसवून रंगीत उजेड पाडला होता, ती गुहा मोठ्या दुरुस्तीनंतर २०२५ ला परत उघडलीय. महालाचं तिकीट वेगळं, आत गाइडबरोबरच सोडतात. गंमत अशी की लुडविगचे महाल जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले आणि त्याच बैठकीत आपले रायगड, राजगड, शिवनेरी धरून बारा किल्लेही गेले. आमचा तमिळ मित्र लगेच म्हणाला, त्यातला जिंजी आमचा. त्यावर बसमध्ये अर्धा तास भांडण.

परतताना ओबरामरगाउहून मुर्नाउची छोटी गाडी, १९०५ पासून विजेवर चालणारी लाइन, कुरणं, गाई, घंटा, घाई असेल त्याने बसूच नये. मुर्नाउला गाडी बदलून म्युनिक. रविवारी संध्याकाळी पाचनंतर त्या बाजूने सगळा ट्रेकर वर्ग सायकली घेऊन घरी निघतो, शक्यतो चारच्या आत निघा. ऑस्ट्रियातून येत असाल तर पोलीस गाडीत चढून कागद बघतात, पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही.

गावांसाठी पाचपैकी पाच, शिखरांसाठी शून्य. आणि घरचे फिरायला आले तर त्यांना हा पास काढून देऊ नका, बायर्न-तिकीट काढा, एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं, शनिवार-रविवारी रात्री बारापासून आणि इतर दिवशी सकाळी नऊनंतर, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. तिकिटावर सगळ्यांची नावं मात्र लिहायची, आईबाबांचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच.