४/६४ चा साधा फोन, आठ महिन्यांनंतर: रॅमला उगाच शिव्या घातल्या

कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप, कागदपत्रांचे फोटो. एवढ्या कामाला ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज पुरेल हा हिशोब. पहिले तीन महिने तक्रारीला जागा नव्हती. ७२०पी (कमी पिक्सेलची) स्क्रीन बॅटरी कमी खाते, त्यामुळे ५००० एमएएच दीड दिवस आरामात जाते. बॉक्समधला १० वॅटचा चार्जर तीन तास घेतो, पण रात्री लावून झोपणाऱ्याला त्याचं काय!

चौथ्या महिन्यापासून रडगाणं सुरू. कीबोर्डवर अक्षर दाबलं की अडखळत उमटतं. प्ले स्टोअरवर अपडेट चालू असताना कॉल आला तर रिंग वाजते, पण नाव आणि उचलायचं बटण दोन सेकंदांनी दिसतं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: फॅक्टरी रीसेट मारा. मारला. पंधरा दिवस पळाला, मग ये रे माझ्या मागल्या.

रॅम कमी पडतेय म्हणून सेटिंगमधून ‘व्हर्च्युअल रॅम’ वाढवली, तर फोन आणखी मंद! इथे मत बदललं. ही जास्तीची रॅम म्हणजे स्टोरेजचाच तुकडा, आणि या फोनचं स्टोरेज ईएमएमसी ५.१, म्हणजे स्वस्त फोनमधली हळू स्टोरेज चिप आहे. त्यात एका वेळी एकतर वाचणं होतं, नाहीतर लिहिणं. यूएफएस या वेगवान प्रकारच्या चिपमध्ये दोन्ही एकदम चालतात. म्हणजे अपडेट लिहिलं जात असताना डायलर (कॉलचं अ‍ॅप) रांगेत उभा. वर स्टोरेज ९० टक्क्यांच्या पुढे भरलं की नवं लिहिण्याआधी चिपला जुने ब्लॉक पुसून जागा करावी लागते, आणि फोन थबकतो. रीसेटनंतर तो पळाला तो जागा मोकळी झाली म्हणून.

मग उपाय असे केले. व्हर्च्युअल रॅम बंद करून फोन रीस्टार्ट. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, डॉक्युमेंट या चारही गोष्टींचं ऑटो-डाउनलोड बंद, मोबाइल डेटावर आणि वायफायवरही. तिथेच ‘स्टोरेज मॅनेज करा’मध्ये ५ एमबीच्या वरच्या फाइलींची यादी येते, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ तिथेच सापडतात. प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट बंद, अपडेट आठवड्यातून एकदा हाताने. किमान १० जीबी कायम मोकळे. रात्री चार्जिंगला लावून फोनला हात लावायचा नाही, कारण पुसलेल्या फाइलींची जागा चिपला कळवण्याचं काम अँड्रॉइड तेव्हाच उरकतं. आता कॉलचं बटण रिंगबरोबर दिसतं. अपडेट चालू असताना मात्र अजूनही उशिराच दिसतं, त्यामुळे एक तारा कापलेलाच राहील.

नवा घेणाऱ्याने कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्याआधी स्टोरेजची ओळ वाचावी. यूएफएस २.२ लिहिलं असेल तर उत्तम. काहीच लिहिलं नसेल तर ईएमएमसी धरून चाला, यूएफएस असता तर मिरवला असता. एकाच मॉडेलच्या ६४ आणि १२८ मध्ये चिप वेगळी असू शकते. ६४ मधले पंधरा-वीस जीबी सिस्टीमच खाते, म्हणून ८ जीबी रॅमच्या मागे लागण्यापेक्षा १२८ घ्या.

मेमरी कार्ड टाकून भागेल म्हणाल, तर कार्डावर फोटो जातात, अ‍ॅपचा भार चिपवरच राहतो. आणि ट्रे हायब्रिड निघाला तर कार्डासाठी दुसरं सिम काढून ठेवावं लागतं.